अकरा वाजता आपोआप बंद होणारा पीसी : मावशीच्या घरचं एक प्रकरण

हे प्रकरण माझ्या मावशीच्या घरच्या पीसीचं आहे आणि त्यातला निम्मा घोळ मीच घातलाय, ते आधीच सांगून टाकतो. मागणी एवढीच होती की रात्रभर पीसी चालू राहतो तो आपोआप बंद झाला पाहिजे. पाच मिनिटांचं काम. ते पाच मिनिटांचं काम मग जवळजवळ महिनाभर पुरलं, आणि शेवटी जे कारण सापडलं ते पहिल्या फोनलाच एक साधा प्रश्न विचारला असता तर कळलं असतं.

घरात माणसं तीन, पीसी एक, विंडोज १० चा डेस्कटॉप. मावशी भाषांतराचं काम करते, तिचा वेळ सकाळी लवकर आणि कधीकधी रात्री जेव्हा डेडलाईन डोक्यावर असते तेव्हा. काका संध्याकाळी बसतात, मेल बघतात, फोटो लावतात, पाठीमागे ऑनलाईन रेडिओ चालू. आणि धाकटी मावसबहीण, ती गेम खेळते, रात्री जितकं चालेल तितकं. सगळ्यांत शेवटी जो उठतो तो बंद करत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं अजून कोणीतरी बसणार आहे. मावशी म्हणाली, "अरे, सकाळी येऊन बघते तर डबा गरम आणि पंखा घरघरतोय, रात्रभर चालू. त्याला काहीतरी टायमर लाव ना." मी म्हटलं, लावतो.

टास्क शेड्युलर (ठरलेल्या वेळी आपोआप कामं करणारं विंडोजचं साधन) उघडला, नवीन टास्क, रोज रात्री ११ वाजता, ॲक्शनमध्ये प्रोग्रॅम म्हणून शटडाऊन, आणि पुढे आर्ग्युमेंट्सच्या रकान्यात /एस /टी ३०० (टाईप इंग्रजीतच करायचं अर्थातच). एस म्हणजे बंद कर, टी म्हणजे किती सेकंदांनी, तर ३०० सेकंद म्हणजे पाच मिनिटं आधी सूचना मिळेल आणि कोणाला नको असेल तर शटडाऊन /ए देऊन रद्द करता येईल. टी दिलाच नाही तर विंडोज ३० सेकंद धरतो, तेवढ्यात कोणाला काही सुचणार नाही म्हणून पाच मिनिटं ठेवली. मग सेटिंग्जच्या टॅबमध्ये जाऊन, आपण फार विचार करतो असं वाटून, 'ठरलेली वेळ चुकली तर नंतर लवकरात लवकर चालव' अशा अर्थाची जी टिक असते ती पण केली. ती मुळात रिकामी असते. मी स्वतःच्या हाताने केली. ही टिक लक्षात ठेवा.

दोन दिवस सगळं झकास. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा फोन, पीसी बंद पडतोय. म्हटलं कधी, तर म्हणाली सकाळी चालू केला, बाकीचं आवरायला आत गेले, येऊन बघते तर बंद. परत चालू केला तर दिवसभर नीट चालला. मग मध्ये एक दिवस काहीच नाही, आणि त्यानंतरच्या सकाळी पुन्हा तेच, एकदा बंद पडला, दुसऱ्यांदा चालू केल्यावर ठीक. काकांचं निदान तयार होतं: थंड असताना बंद पडतो, एकदा गरम झाला की चालतो, म्हणजे एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गेलाय. खरं सांगायचं तर हे निदान ऐकायला एकदम बरोबर वाटतं, कारण एसएमपीएस मरायला टेकला की साधारण असंच वागतो, आणि मी पण फोनवर "काका, तुम्ही म्हणताय तसं असू शकतं" म्हणून मोकळा झालो. माझ्या टास्कचा संशय मला आलाच नाही, कारण तो रात्री अकराचा होता आणि हे सकाळी सातला होत होतं.

बरं झालं डबा खोलण्याआधी इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजमध्ये काय काय घडलं त्याच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) बघितला. पीसी आपोआप बंद होतोय अशी तक्रार आली की सगळ्यांत आधी तिथेच जायचं हा माझा आता नियम झालाय. विंडोज लॉग्जमध्ये सिस्टीम, आणि तिथे नंबर बघायचे. वीज अचानक गेली, एसएमपीएसने दगा दिला किंवा कोणी बटण दाबून धरलं तर पुढच्या वेळी चालू झाल्यावर ४१ नंबरची कर्नल-पॉवरची नोंद येते, आणि बरोबर ६००८, म्हणजे आधीचं बंद होणं अनपेक्षित होतं. पण एखाद्या प्रोग्रॅमने किंवा माणसाने रीतसर बंद करायला सांगितलं असेल तर १०७४ येतो आणि त्यात कोणी सांगितलं त्या प्रोग्रॅमचं नाव पण असतं. मावशीच्या पीसीवर दोन्ही सकाळी १०७४. नाव शटडाऊन डॉट ईएक्सई. म्हणजे एसएमपीएस बिचारा निर्दोष, आरोपी मी.

झालं असं होतं की ज्या रात्री धाकटी पीसीवरून लवकर उठली त्या रात्री मावशीने दहालाच स्वतः पीसी बंद केला, म्हणजे अकराचा टास्क चुकला. सकाळी ती चालू करते तेव्हा टास्क शेड्युलर बघतो की कालचं एक काम राहिलंय आणि टिक तर आहे, मग चुकलेलं काम तो लगेच करत नाही, साधारण १० मिनिटं थांबतो, त्यानंतर माझी ५ मिनिटांची सूचना, म्हणजे चालू केल्यापासून पंधरा मिनिटांनी पीसी बंद. आणि राहिलेलं काम एकदा करून झालं की संपलं, म्हणून दुसऱ्यांदा चालू केल्यावर काही होत नाही! थंड-गरमचा जो काही भास होत होता तो सगळा इथून येत होता. जो जबाबदारीने रात्री पीसी बंद करतो त्यालाच सकाळी शिक्षा, असा टास्क मी बनवला होता. बॅकअप घ्यायच्या किंवा साफसफाईच्या टास्कला ती टिक फार उपयोगी आहे, वेळ चुकली तरी काम होऊन जातं, पण बंद करण्याचं काम चुकलं तर चुकलं, ते नंतर करण्यात काही अर्थच नाही. टिक काढली. शेजारच्या कंडिशन्सच्या टॅबमध्ये 'हे काम करायला कॉम्प्युटरला जागं कर' अशी पण एक टिक असते, ती करून रात्री झोपलेल्या पीसीला उठवून मग बंद करणारे लोक मी पाहिलेत, त्याबद्दल काय बोलणार.

दुसरा दणका

यानंतर आठवडाभर शांतता. मग एका रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी मावशीचा फोन, आणि आवाजावरूनच कळलं. ती लिहीत होती, वर्डमध्ये, आणि पीसी तिच्या समोर बंद झाला. मी म्हटलं मावशी, पाच मिनिटं आधी सूचना आली असेल ना. म्हणाली, "आली की. मी बंद करून टाकली."

या एका वाक्यात सगळं आलं. स्क्रीनवर विंडोजने सांगितलं की आता बंद होणार आहे, खाली बटण होतं क्लोजचं, तिने ते दाबलं, सूचना गेली, तिला वाटलं रद्द झालं. कोणालाही वाटेल. पण त्या बटणाने फक्त सूचना जाते, मागे मोजणी चालूच राहते. रद्द करायचं बटण तिथे नसतंच, ते फक्त शटडाऊन /ए या कमांडने होतं, आणि ती कमांड मावशीला माहीत नव्हती कारण मी ती सांगितली होती धाकटीला. (धाकटीने दुसऱ्याच दिवशी डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट बनवून ठेवला होता, आयकॉन बदलून, आणि रोज अकराला शांतपणे डबल क्लिक करून पुढे खेळत होती. हे मला फार उशिरा कळलं. रद्द करायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, त्यामुळे मुलांचा वेळ आवरायला हा उपाय म्हणून कोणी वापरत असेल तर सोडून द्या, त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी आहे, तिथे वेळेची मर्यादा खात्यावर लागते.)

पण मावशीचा मुख्य प्रश्न दुसरा होता: वर्डने सेव्ह करू का म्हणून विचारलं का नाही? एरवी तर विचारतो. इथे मलाच एक गोष्ट नव्याने कळली. शटडाऊनला /एफ म्हणून एक पर्याय असतो, म्हणजे उघडे प्रोग्रॅम न विचारता जबरदस्तीने बंद कर. तो मी दिलेला नव्हता, मुद्दाम. पण टी ला शून्यापेक्षा मोठी वेळ दिली की विंडोज एफ आपोआप धरतो, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतीत तसं लिहिलेलं आहे, आणि मी इतकी वर्षं ती कमांड वापरतोय पण ती ओळ नीट कधी वाचलीच नव्हती. म्हणजे मी पाच मिनिटांची सवलत दिली असं मला वाटत होतं, आणि प्रत्यक्षात त्याच सवलतीमुळे सेव्हचा प्रश्न विचारायचा हक्क वर्डकडून काढून घेतला गेला. टी शून्य ठेवला आणि एफ दिला नाही तर उलट होतं, एखादा प्रोग्रॅम आडवा पडतो, स्क्रीनवर अमुक प्रोग्रॅम बंद होऊ देत नाही असं येतं, आणि समोर कोणी नसेल तर बंद होणं राहूनच जातं. इकडे आड तिकडे विहीर.

मावशीचं नुकसान थोडक्यात निभावलं. वर्ड मुळात दर १० मिनिटांनी ऑटोरिकव्हरची प्रत ठेवतो, दुसऱ्या दिवशी उघडल्यावर डाव्या बाजूला ती दिसली, साधारण पाऊण पान गेलं. पाऊण पान म्हणजे काही नाही असं मी म्हणालो, आणि ते म्हणायला नको होतं.

मग मी काय केलं तर कंडिशन्समध्ये जाऊन 'कॉम्प्युटर रिकामा असेल तरच' ही अट लावली, १० मिनिटं रिकामा असला पाहिजे आणि तसा होण्याची दोन तास वाट बघ. रिकामा म्हणजे कीबोर्ड माऊसला हात नाही आणि सीपीयू, डिस्क पण फारसे कामात नाहीत. कल्पना चांगली होती. मावशी टाईप करत असेल तर टास्क सुरूच होणार नाही, काकांचे फोटो बाहेरच्या ड्राईव्हवर कॉपी होत असतील तर तेही मध्ये तुटणार नाही. यातही एक फसवणूक आहे, त्याच ठिकाणी 'रिकामेपणा संपला तर टास्क थांबव' अशी टिक आहे आणि माणसाला वाटतं की मोजणी सुरू झाल्यावर माऊस हलवला की बंद होणं थांबेल. थांबत नाही, कारण शटडाऊन हा प्रोग्रॅम विंडोजला निरोप देऊन सेकंदात संपलेला असतो, थांबवायला टास्कच उरलेला नसतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी जाता जाता, त्याच टॅबमध्ये 'चार्जर लावलेला असेल तरच' ही टिक आधीपासून असते, टास्क का चालत नाही म्हणून डोकं खाजवण्याआधी ती बघा.

आणि मग पीसी बंदच होईना

अट लावल्यावर मावशीची तक्रार गेली आणि मूळ तक्रार परत आली. सकाळी डबा गरम, पंखा चालू. टास्कच्या इतिहासात बघितलं तर (इतिहास आधी चालू करावा लागतो, बंद असतो) रोज अकराला सुरू व्हायचा प्रयत्न आणि दोन तासांनी हार. म्हणजे रात्री एक वाजेपर्यंत सलग १० मिनिटंसुद्धा तो पीसी स्वतःला रिकामा समजत नव्हता, आणि घरात तर सगळे झोपलेले.

तेव्हा कुठे मला तो प्रश्न पडला जो पहिल्या दिवशी पडायला हवा होता. अरे, या पीसीला ३० मिनिटांनी झोपायची सेटिंग तर आहेच! पॉवर प्लॅनमध्ये स्लीप लावलेलंच होतं, मी स्वतः दोन वर्षांपूर्वी लावलं होतं. मग तो झोपत का नाही? टायमर लाव म्हटल्यावर मी टायमर लावला, पण मुळात टायमर का लागतोय ते बघितलंच नाही.

यासाठी विंडोजमध्ये एक कमांड आहे, पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स, ॲडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यायची. या क्षणी कोणता प्रोग्रॅम किंवा ड्रायव्हर 'मी कामात आहे, झोपू नको' म्हणून अडून बसलाय त्याची यादी येते. रात्री साडेअकराला काकांनी "मी झोपतो" म्हटल्यावर लगेच लांबून पीसीला जोडलं आणि दिली. सिस्टीमच्या खाली दोन नावं, साऊंडचा ड्रायव्हर, ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे असं म्हणतोय, आणि ब्राऊझर.

काका रेडिओ बंद कसा करतात? स्पीकरचं बटण फिरवून. टक् करून आवाज गेला, लाल दिवा गेला, काकांच्या दृष्टीने रेडिओ बंद. पीसीच्या दृष्टीने टॅबमध्ये रेडिओ रात्रभर चालू, स्पीकर ऐकतोय की नाही त्याला काय माहीत. आणि जोवर आवाज वाजतोय तोवर विंडोज स्वतःहून झोपत नाही, बरोबरच आहे, नाहीतर गाणी ऐकताना अर्ध्या तासाने पीसी झोपला असता. विंडोज ८ पासून टास्क शेड्युलर पण माणूस समोर आहे का ते पॉवरच्याच यंत्रणेला विचारतो, त्यामुळे त्याच एका टॅबने स्लीप पण अडवली आणि माझा रिकामेपणाचा टास्क पण. ब्राऊझर बंद केला, परत कमांड दिली, सगळीकडे नन, म्हणजे कोणीच अडून बसलेलं नाही. अर्ध्या तासाने पीसी स्वतःहून झोपला, काहीही न लावता.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी झोपल्यावर तो ऐकत बसायचा?" हो, तसंच.

आता काय लावलंय

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण काकांना टॅब बंद करायची सवय लागेल यावर मावशीचा विश्वास नाही, आणि तिच्या अनुभवापुढे माझं काय चालणार. म्हणून टायमर ठेवला पण त्याचा स्वभाव बदलला. बंद करायच्या ऐवजी हायबरनेट. हायबरनेटमध्ये रॅममध्ये जे काही आहे ते सगळं डिस्कवर लिहून पीसी पूर्ण बंद होतो, वीज गेली तरी फरक पडत नाही, आणि सकाळी चालू केल्यावर वर्डमधलं अर्धवट वाक्य जिथे होतं तिथेच. त्याची फाईल विंडोज १० मध्ये रॅमच्या साधारण ४० टक्के जागा घेते, तेवढी सी ड्राईव्हवर असली पाहिजे. पर्याय दिसत नसेल तर पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन, हेही ॲडमिन म्हणूनच.

शटडाऊन /एच ला मोजणी लावता येत नाही, ते लगेच होतं. म्हणून दोन ओळींची बॅच फाईल (एकापाठोपाठ चालणाऱ्या कमांड्स लिहिलेली साधी फाईल) केली: पहिल्या ओळीत टाईमआऊट /टी ३००, दुसऱ्या ओळीत शटडाऊन /एच. टास्क ही फाईल चालवतो, एक काळी खिडकी उघडते, सेकंद उलटे मोजते, आणि इथे मजा अशी की खिडकी बंद केली की खरंच रद्द होतं, कारण मोजणी त्या खिडकीतच चाललीये. मावशीच्या हाताला जी सवय होती, सूचना आली की क्लोज, तीच आता बरोबर ठरते. माणसाला नवीन कमांड शिकवण्यापेक्षा हे मला बरं वाटलं.

यात पण पहिल्या रात्री एक गंमत झालीच. टाईमआऊट कमांड कोणतीही की दाबली की थांबणं सोडून पुढे जाते. मावशी भरभर टाईप करतेय, खिडकी पुढे आली, तिचं पुढचं अक्षर त्या खिडकीत पडलं आणि पीसी तिथल्या तिथे हायबरनेट. नुकसान शून्य, सगळं जसंच्या तसं परत आलं, पण मला जे ऐकायचं ते ऐकावं लागलं. टाईमआऊटच्या पुढे /नोब्रेक लिहिलं की इतर कीजकडे तो लक्ष देत नाही, फक्त कंट्रोल सी किंवा खिडकी बंद करणं चालतं. आणि टास्कमध्ये 'युजर लॉग ऑन असेल तरच चालव' हेच ठेवायचं, दुसरा पर्याय निवडला तर खिडकी दिसतच नाही, मागच्या मागे मोजणी होते आणि परत पहिल्या पानावर. वेळ पण साडेअकरा केली, चुकल्यावर नंतर चालवण्याची टिक नाही, जागं करण्याची टिक नाही, रिकामेपणाची अट पण काढली कारण आता काही तुटतच नाही.

हायबरनेटचा एक तोटा म्हणजे पीसी खऱ्या अर्थाने नव्याने कधी सुरूच होत नाही, अपडेट्स अडकतात. तसं तर विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप चालू असेल तर नेहमीचं स्टार्ट मेनूतलं शट डाऊनसुद्धा अर्धं हायबरनेटच असतं, टास्क मॅनेजरमध्ये अप टाईम बघा, रोज बंद करूनही कित्येक दिवस दाखवतो. कमांडने दिलेलं /एस मात्र पूर्ण बंद करतं, म्हणूनच मधले काही दिवस मावशी म्हणत होती की सकाळी सुरू व्हायला जास्त वेळ लागतोय. तर आठवड्यातून एकदा ती रीस्टार्ट देते, रीस्टार्ट नेहमी पूर्ण असतो.

माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, तिथे शटडाऊन +६० म्हणजे ६० मिनिटं, आणि विंडोजमध्ये टी ६० म्हणजे ६० सेकंद, दोन्ही वापरणाऱ्याने एकदा तरी हा मार खाल्लेला असतो, रद्द करायला तिकडे ए नाही, -सी. मॅकवर पूर्वी सेटिंग्जमध्येच वेळापत्रक होतं, २०२२ च्या व्हेंचुरा या आवृत्तीपासून ते खिडकीतून गेलं, आता टर्मिनलमधून पीएमसेट रिपीट वापरावं लागतं, आणि त्यात गुरुवारचं अक्षर आर आणि रविवारचं यू आहे, अंदाजाने टाकू नका.

सध्या मावशीकडे दोन महिने झाले, डबा सकाळी थंड असतो. काका टॅब बंद करतात की नाही ते मी विचारलेलं नाही, पण सकाळी पीसी चालू केला की रेडिओचा टॅब समोरच उघडा असतो असं मावशी म्हणते. धाकटीचा शॉर्टकट अजून डेस्कटॉपवर आहे, आता त्यावर क्लिक केलं की विंडोज म्हणतं रद्द करायला काही नाहीच, एरर १११६. तिने मला विचारलं, "दादा, हे काय आहे?" मी म्हटलं बघतो.